आण्णांच्या छातीतलं गेट

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, आणि मी गावात जाऊन दीडच सांगितली. माझ्या हातून घडलं ते एवढंच. ऐकणाऱ्याला वाटेल, यात एवढं काय. पण त्या राहिलेल्या अर्ध्या गोष्टीपायी एक म्हातारा माणूस चारीच्या पाण्यात तोंडावर पडला. तो माणूस असा होता की ज्याच्यामुळं माझ्या घरात आज दोन वेळची चूल पेटते.

मी सहावी पास. बहात्तरच्या दुष्काळात सातवीच्या हजेरीत माझं नाव होतं, पण मी होतो खडीवर. आई फोडायची, मी पाटीनं वाहायचो, दुपारी सुकडी मिळायची. पुढं पाऊसपाणी झालं, सरकारी कामं बंद झाली, बरोबरीची पोरं परत शाळेत गेली. मी गेलो नाही. वर्षभरात हाताला पाटीचे घट्टे पडले होते, आणि मास्तरांपुढं हात पुढं करायची लाज वाटायची. लाज वाटायची खोड मला तेव्हापासूनची आहे. जिथं वाटायला नको तिथंही वाटते, आणि जिथं वाटायला हवी होती तिथं नेमकी उशिरा आली.

आमचं गाव कळंबपासून दोन कोसांवर. दुष्काळानंतर काही वर्षांनी गावात सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाली. मांजरेच्या पात्रावर मोटार बसवली, पाणी उचलून चारीत सोडलं, आणि चारीतून ज्याच्या त्याच्या रानात. कुणाला कधी पाणी, किती तास, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाटकरी. चारीला जागोजाग गेट असायचं. गेट म्हणजे दोन दगडांच्या खाचेत वरखाली होणारी लोखंडी फळी, दुसरं काही नाही. पण त्या फळीवर ज्याचा हात, त्याच्यावर गावाचा डोळा.

संस्थेनं पाटकरी नेमलं आण्णांना. मोठे बागायतदार नव्हते ते, जेमतेम तीन एकराचे धनी. पण त्यांची एक रीत होती, आणि तिच्यापायी त्यांनी पुष्कळांचा वाईटपणा घेतला. ते पाण्याची पाळी शेपटाकडून सुरू करायचे. चारीच्या अगदी टोकाला आमच्या बौद्धवाड्याची चार रानं, त्यातलं एक माझ्या बाचं. पहिलं पाणी तिथं. मग एक एक गेट करत वर मोटारीकडं यायचं. वरच्या अंगाचे लोक म्हणायचे, पाणी आमच्या दारावरून जातंय आन् आमी नुसतं बघत बसायचं व्हय? आण्णा म्हणायचे, तुमाला निदान मोटारीचा आवाज तरी ऐकू येतो, त्यास्नी तर तोबी येत न्हाय. ऐकणारा हसायचा, आणि हसला की भांडण अर्धं संपायचं.

बाच्या रानात पहिल्यांदा गहू झाला तो त्या पाळीवर.

मला शहराकडं लावलं तेही आण्णांनीच. त्यांचा मेव्हणा मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात कपडे धुलाईच्या खात्यात होता. त्याच्या नावानं आण्णांनी चिठ्ठी लिहून दिली. स्वतःला धड लिहिता येत नव्हतं, म्हणून मलाच लिहायला लावली. माझी शिफारस माझ्याच अक्षरात. त्या चिठ्ठीवर मी बदली कामगार म्हणून, म्हणजे कुणी रजेवर गेला की त्याच्या जागी, लागलो. पुढं वॉर्डात काम मिळालं. तिथं आम्हाला सगळे ‘मामा’ म्हणतात. पेशंटला ट्रॉलीवर घ्यायचं, तपासणीला न्यायचं, परत आणायचं. चारपाच वर्षांनी मला हृदयाच्या वॉर्डात दिलं. गावाकडं बातमी गेली की पोरगा काळजाच्या डाक्टरासंगं असतो. सुट्टीवर गेलो की लोक मला मनगट पुढं करायचे. मीही घड्याळाकडं बघत नाडी धरून बसायचो. तोंडावर तसा भाव आणायला मी शिकलो होतो.

नव्वदचं दशक निम्मं सरलं तेव्हा आण्णा आजारी पडले. चारीवरून दहा पावलं चालले की छातीत पाखरू कोंडल्यासारखी फडफड व्हायची. दम लागायचा, खाली बसावं लागायचं. कळंबच्या डॉक्टरनं सोलापूरला पाठवलं, सोलापूरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गोळ्यांनी फडफड कमी व्हायची, पण बीपी पडायचा, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधार. गोळी कमी केली की परत फडफड. शेवटी थोरल्या मुलाबरोबर ते माझ्याकडं आले. माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ दिवस राहिले. माझ्या बायकोनं त्यांना बाजरीची भाकरी करून घातली. ते तिला म्हणाले, “पोरी, हितं आमच्यापायी बेजार हुयाची तू.” तीही हसून म्हणाली, आण्णा, तुम्ही बेजार करणाऱ्यातले नाहीत.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. मग एका दुपारी वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “मामा, तुमच्या पेशंटला नीट समजावून सांगा. त्यांना माझी भाषा कळत नाही, आणि मला त्यांची कळत नाही.”

त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. वरचे कप्पे नुसते थरथरतात, आणि मिनिटाला शेकड्यांनी इशारे खाली पाठवतात. खालच्या कप्प्यांना जायची वाट एकच, मधे एक बारीकशी गाठ आहे. औषधं त्या गाठीपाशी इशारे अडवतात, पण यांना औषध झेपत नाही. मग उरते ती तारेनं करायची क्रिया. मांडीच्या शिरेतून तार वर हृदयापर्यंत न्यायची आणि त्या गाठीला डाग द्यायचा. आमच्याकडं हे काम नुकतंच सुरू झालं होतं.

ते करायचे दोन प्रकार होते. पहिल्यात गाठ पुरती जाळून टाकायची. वरून खाली काहीच जाणार नाही. मग खालचे कप्पे चालवायला गळपट्टीच्या हाडाखाली एक छोटी मशीन बसवायची, पेसमेकर. ठोका ठरल्या वेळी, एकसारखा पडणार. पण माणूस कायमचा मशीनवर. दुसऱ्या प्रकारात गाठ अर्धवटच डागायची, म्हणजे थोडे इशारे जातील, बाकीचे अडतील. मशीन नको, पण ठोका वेडावाकडाच राहणार, फक्त कमी होणार. वरची थरथर दोन्हींत राहते, रक्त पातळ करायची गोळी दोन्हींत घ्यावी लागते.

ऐकता ऐकता माझ्या तोंडून निघून गेलं, “म्हणजे चारीचं गेटच म्हणा ना मॅडम. एकात गेट बंद करून नवी मोटार बसवायची, दुसऱ्यात गेट अर्धं खाली करायचं.”

त्या खूश झाल्या. “अगदी तसंच मामा. पण एक लक्षात ठेवा. गेट लोखंडाचं असतं, हे जिवंत मांस आहे. आज अर्धं बंद केलेलं उद्या परत उघडेल, मग पुन्हा करावं लागेल. नाहीतर पुढं कधीतरी आपोआप पुरतं बंद होईल, आणि तेव्हा मशीन नसेल तर माणूस चक्कर येऊन पडेल. म्हणून दुसरं केलं तर रोज नाडी मोजायची. पन्नासच्या खाली गेली, चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना. मला विचाराल तर गावाकडं राहणाऱ्या माणसाला पहिलंच बरं. पण निवड त्यांची.”

हे सगळं मला तेव्हाही कळलं होतं. अजून पाठ आहे. कळलं नाही अशी सबब मला नाही.

मशीन महाग होती. आण्णांसारख्यांना ती दवाखान्याच्या निधीतून मिळायची. त्यासाठी समाजसेवा विभागाच्या साहेबांपुढं अर्ज घेऊन उभं राहावं लागायचं. मी त्याआधी गावाकडच्या दोघांसाठी असा उभा राहिलो होतो. दुसऱ्या वेळी साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले होते, मामा, तू अजून बदलीवर आहेस ना, मग सारख्या चिठ्ठ्या घेऊन येत जाऊ नकोस. ते रागावून नव्हते म्हणाले. कदाचित गमतीनंही म्हणाले असतील. पण मला कायम करायची फाईल त्याच मजल्यावर पडून होती. ते वाक्य मी महिनाभर डोक्यात घेऊन फिरलो. बायकोला दिवस गेले होते. नोकरी गेली तर परत गावी जाऊन काय करणार, या विचारानं मला जेवण जात नव्हतं. भित्रा माणूस फाईल कुठं अडली ते बघायला जात नाही. तो घरी बसून तिच्याविषयी वाईट वाईट कल्पना करतो.

आण्णा म्हणाले, घरी विचारून सांगतो. तेव्हा आम्ही तिघंही गावी गेलो. मी चार दिवसांची रजा टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या मोटारघरापुढं बसलो. आण्णा, काकू म्हणजे त्यांची मंडळी, थोरला मुलगा आणि संस्थेचे चेअरमन. चेअरमन आण्णांचे जुने सोबती. मोटार बंद होती, तीन दिवसांपूर्वी जळाली होती. वायंडिंगला सोलापूरला गेली होती. त्या वर्षातली दुसरी वेळ.

मला खाटेवर बसवलं, आण्णा खाली पोत्यावर बसले. मी उठायला लागलो तर म्हणाले, बस, तू सांगणारा हायेस.

मी सांगितलं. गेटाचं उदाहरण दिलं. छातीत एक गेट आहे आण्णा, वरून पाणी लई जोरात येतंय, गेट सताड उघडं, खालची रानं फुटायला लागलीत. सगळ्यांना पटापट कळलं. मला त्या घटकेला फार बरं वाटलं. मास्तरांच्या खुर्चीवर बसल्यासारखं वाटत होतं. मग म्हणालो, डाक्टर दोन प्रकार सांगतेत. एक, गेट कायमचं बंद करायचं आन् खालच्या रानाला वेगळी मोटार बसवायची. दोन, गेट अर्धं खाली करायचं.

चेअरमन म्हणाले, “आन् त्या मोटारीचं वायंडिंग जळालं तर आण्णाला सोलापूरला न्यायाचं का?”

सगळे हसले. आण्णांना हसताना दम लागला, तरी ते हसत राहिले. चेअरमनना जोर चढला, व्होल्टेज कमी पडल्यावर काय, लाईट गेल्यावर काय. आमच्या गावात मोटारीवर विश्वास ठेवणारा माणूस त्या वेळी शोधून सापडला नसता. दर उन्हाळ्यात ती जळायची आणि दर उन्हाळ्यात पिकं उभ्या उभ्या वाळायची. छातीत मोटार म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं तेच मोटारघर आलं, तेलाचे डाग पडलेलं, कुलूप लावलेलं. ती मशीन बॅटरीवर चालते, वर्षानुवर्षं चालते, तिचा लाईटीशी काही संबंध नाही, हे मी त्यांना एका वाक्यात सांगू शकलो असतो.

मीही हसलो.

आणि गेट पुरतं बंद करायचं तर कुणालाच पटेना. पाणी वाटणाऱ्या माणसाला ते पटणारच नाही. आण्णा म्हणाले, इतकी साल गेली, एकबी गेट म्या कायमचं लावून घेतलं न्हाय, आन् आता माझंच लावून घेऊ? कमी करायचं, जास्ती करायचं, ह्ये आपल्या हातात पायजे. ते गेट त्यांच्या हातात राहणार नव्हतं. मांसाचं होतं ते. ते आपल्या मनानं उघडणार होतं आणि आपल्या मनानं मिटणार होतं. हे वाक्य माझ्या जिभेवर होतं, डॉक्टरीणबाईंच्याच शब्दांत.

 काकूंनी मला विचारलं, “बाबा, यातलं कंचं केलं तर परत परत जावं लागंल? आन् कंच्यात धोका जास्ती?”

असं सरळ कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “काकू, जपावं तर दोन्हीतबी लागतं.”

खोटं म्हणता येणार नाही असं ते उत्तर होतं. म्हणूनच ते माझ्या तोंडात आलं.

 मग काकू म्हणाल्या, “यांच्या जागी तुझा बा आसता तर तू काय केलं आसतंस?”

“म्या मशीन बसवू दिली नसती,” मी म्हणालो.

तिथंच ठरलं. अर्धं गेट. नाडी मोजायचं मी सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर का मोजायची ते सांगावं लागलं असतं, आणि ते कळल्यावर काकू मशीनच म्हणाल्या असत्या. मग मला साहेबांपुढं उभं राहावं लागलं असतं. इतका सरळ हिशेब मनात कुणी मांडत नाही. मीही तेव्हा मांडला नव्हता. मी मला असं सांगितलं की नको त्या गोष्टींनी म्हाताऱ्या माणसांना कशाला भेडसावायचं.

क्रिया झाली. ट्रॉली मीच ढकलली. आण्णा तिच्यावर आडवे झाले तेव्हा म्हणाले, “लेका, तुझ्या हाताला गाडी बरी लागलीय.” आत नेईपर्यंत त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. दोन तासांनी बाहेर आणलं तर मॉनिटरवर ठोका ऐंशीच्या घरात. चालायला लावलं तर दम नाही. चौथ्या दिवशी ते घरी गेले. घरी सोडायच्या कागदावर डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि मला म्हणाल्या, मामा, नाडीचं त्यांना सांगितलंय ना? मी हो म्हणालो. आण्णा शेजारीच उभे होते. त्यांना कळावं इतकं सावकाश काही त्या बोलल्या नव्हत्या.

चार महिने उत्तम गेले. गावाहून पत्र यायचं, आण्णा चारीवर जातात, शेपटापर्यंत चालत जातात. मी बायकोला वाचून दाखवायचो. त्याच सुमाराला माझी कायमची ऑर्डर निघाली. फाईल कुणीच अडवली नव्हती, एका कारकूनबाईच्या बाळंतपणाच्या रजेमुळं ती पडून राहिली होती. मी पेढे वाटले. साहेबांनीही एक घेतला.

उन्हाळ्याच्या तोंडाला थोरल्या मुलाचा दवाखान्याच्या नंबरवर फोन आला. वॉर्डातल्या सिस्टरनी मला बोलावलं. आण्णांना सोलापूरला ठेवलंय, इकडं आणतोय, एवढंच कळलं. पुढचं मुलानं समोर आल्यावर सांगितलं. तीन दिवस चक्कर येत होती. काकूंना वाटलं ऊन लागलं. कांद्याचा रस चोळला, लिंबाचं पाणी दिलं, पडून राहा म्हणाल्या. पण पाळी सुरू होती, आण्णा पडून राहणार कुठले. चौथ्या दिवशी सकाळी शेपटाच्या गेटावर वाकले, फळी वर उचलली, आणि उठलेच नाहीत. कपाळ दगडावर आपटलं आणि तोंड चारीत. गेट उघडलेलं, पाणी वाहत होतं. वैरण कापणाऱ्या एका बाईनं पदराला धरावं तसं त्यांच्या सदऱ्याला धरून ओढलं. कळंबच्या डॉक्टरनं नाडी धरली तर मिनिटाला तिसाच्या आसपास. सोलापूरला मांडीतून तात्पुरती तार घालून ठोका धरून ठेवला, म्हणून इथवर आणता आलं.

मुलगा सांगत होता आणि मी ट्रॉलीची चाकं बघत होतो. शेवटी त्यानं विचारलं, आसं कसं काय झालं रं, आरदं ठेवलं व्हतं ना? मी म्हणालो, होतं कधीकधी.

निधीसाठी यावेळी मी साहेबांकडं गेलो. त्यांनी कागद बघितला, कोण लागतात तुझे, विचारलं. गावचे आहेत म्हणालो. त्यांनी सही केली. चहा येईपर्यंतही थांबावं लागलं नाही. ज्या दाराची मी इतकी धास्ती घेतली होती ते दार असं होतं. सही झालेला कागद हातात घेऊन मी जिन्यात जरा वेळ बसून राहिलो. 

दुसऱ्या दिवशी मशीन बसवायची होती. सकाळच्या फेरीला डॉक्टरीणबाई आल्या. आण्णांच्या कपाळाला पट्टी, उजवा डोळा सुजून मिटलेला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा. बाई चिडल्या होत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. या वेळी त्या सावकाश, शब्द सुटे सुटे करून बोलल्या. “आजोबा, तीन दिवस चक्कर येत होती तर आला का नाहीत? नाडी मोजायला सांगितलं होतं ना? मामांनी तुम्हाला सगळं सांगितलं होतं ना?”

आण्णांनी उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मला वाटतं, त्या एका घटकेत त्यांना मोटारघरापुढची सगळी सकाळ परत दिसली असणार. पाणी कुठून फुटलं ते पाटकऱ्याला लांबून कळतं.

मग ते बाईंकडं वळून म्हणाले, “सांगितलं व्हतं त्यानं. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाय.”

बाई म्हणाल्या, असं कसं राहत नाही, जीव गेला असता, तुमच्यासारखी मोठी माणसं असं करायला लागली तर आम्ही काय करायचं. तिशीतल्या पोरीनं सत्तरीच्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं फैलावर घेतलं. शेजारच्या खाटांवरचे पेशंट वळून बघत होते. आण्णा मान खाली घालून व्हय व्हय म्हणत राहिले. ज्या माणसाला गावातल्या मोठ्या बागायतदारांनी कधी मान खाली घालायला लावली नव्हती, तो माझ्या वाट्याची बोलणी खात होता. मी एक शब्द बोललो नाही. बोलायला फार काही लागत नव्हतं. मॅडम, मी सांगितलं नव्हतं, एवढंच. माझी नोकरीही आता कायम होती. तरी बोललो नाही. त्या वेळच्या भीतीला कारण तरी होतं, या वेळी नुसती सवय होती.

मशीन बसली. गळपट्टीखाली काड्याच्या पेटीएवढा उंचवटा दिसायचा. ठोका सत्तर, एका मापात. आण्णा बरे झाले, चालायला फिरायला लागले. पण काकूंनी परत चारीवर जाऊ दिलं नाही. संस्थेनं दुसरा पाटकरी नेमला, वरच्या अंगाचाच एक गडी. तो पाळी मोटारीकडून सुरू करतो. बाचं पत्र यायचं, औंदा पाणी शेवटी आलं, हरभरा गेला. बाला माहीत नव्हतं की हे कुठून कुठं आलं. मी ते पत्र बायकोला वाचून दाखवलं नाही.

त्या दिवाळीला गेलो तेव्हा मनाशी ठरवून गेलो होतो. आण्णा ओट्यावर बसले होते. आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, आण्णा, तवा मोटारघरापुढं म्या जे सांगितलं… त्यांनी हातानं थांबवलं. “च्या निवतोय,” म्हणाले. मी चहा प्यायलो. त्यांनी माझ्या पोरीचं नाव विचारलं, ती रांगायला लागली का ते विचारलं. मायेनंच विचारलं. मला माफ केलं म्हणावं तर तसं वाटेना, आणि मनात धरलं म्हणावं तर तसंही नाही. मला बोलूच दिलं नाही. माझ्या मनावरचं ओझं त्यांच्या ओट्यावर टाकून हलकं व्हायची सोय त्यांनी मला ठेवली नाही. तेव्हा मला त्यांचा राग आला. त्याचीही आता लाज वाटते.

सहा महिन्यांनी मशीन तपासायला ते मुलाबरोबर मुंबईला आले. माझ्या खोलीवर उतरले नाहीत, मेव्हण्याकडं उतरले. बायको म्हणाली, आपलं काही चुकलं का हो? मी म्हणालो, मेव्हणा जवळ राहतो ना.

तपासणीच्या दिवशी मी सुट्टी नसताना एक तासाची सवड काढून गेलो. नेहमीप्रमाणं त्यांच्या मागं आत शिरलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या मामा, बरं झालं आलात, तुम्हीच सांगा त्यांना. आण्णांनी मुलाला खूण केली. मुलानं खिशातून घडी केलेली वही आणि पेन्सिल काढली.

“बाई, तुमी सांगा, ह्यो लिवून घेईल,” आण्णा म्हणाले. “न्हाय कळलं तर परत इचारीन. वेळ लागंल जरा.”

मग माझ्याकडं वळून, पूर्वी चारीवर हाक मारायचे त्याच आवाजात, म्हणाले, “तू जा बाबा तुझ्या कामाला. तुझे पेशंट खोळंबले आसतील.”

मी बाहेर आलो. पेशंट कुणी खोळंबला नव्हता. दाराशेजारच्या बाकावर बसलो. आतून बाईंचा आवाज येत होता, एक एक वाक्य सावकाश, आणि मधे मधे आण्णा थांबवून विचारत होते. किती साल टिकती, बंद पडायच्या आधी कळतं का, कळलं तर कुणाला सांगायचं. पाऊण तास लागला. इतके प्रश्न त्यांच्या मनात मोटारघरापुढच्या त्या सकाळीही असणार. खाटेवर मी बसलो होतो, म्हणून त्यांनी ते विचारले नव्हते.